टॅरो शिकायची आहे? मग आधी पत्ते कुठून आले ते विचारा

मागच्या दोन लेखांत आपण लिटरेचर रिव्ह्यूबद्दल बोललो. त्यातला एक मुद्दा राहिला होता. एखादं विधान दहा पुस्तकांत छापलेलं असतं, दहाही जण एकमेकांचा दाखला देतात, आणि मूळ कुठे आहे ते कुणीच सांगत नाही. अशा वेळी काय करायचं? उदाहरणासाठी माझ्या विषयातला पेपर घेतला असता, तर प्राणिशास्त्रवाले सोडून बाकी सगळ्यांनी दुसऱ्या परिच्छेदालाच पळ काढला असता. म्हणून टॅरो घेते.

हसू नका. नेट-सेटच्या निकालाआधीचा आठवडा कुठल्याही हॉस्टेलवर काढून बघा. एरवी पी-व्हॅल्यूवरून भांडणारी माणसं रात्री अकरा वाजता कॉटवर पत्ते मांडून बसलेली दिसतात. फेलोशिप मिळेल का? हा गाईड बरा की तो? घरच्यांना अजून एक वर्ष थांबवता येईल का? प्रश्न खरे असतात, ताण खरा असतो, आणि समोरचे पत्ते दिसायला सुंदर असतात. आमच्या मजल्यावरच्या एका मैत्रिणीकडून मीही पत्ते वाचायला शिकले. त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते लांबून टोमणे मारायला लिहीत नाहीये.

नवशिक्याला पहिल्या दिवशी काय शिकवतात ते थोडक्यात सांगते. कॅटमध्ये ७८ पत्ते. त्यातले ५६ छोटे: काठ्या, पेले, तलवारी आणि नाणी असे चार रंग (इस्पिक-बदाम-चौकट-किल्वर असतात तसे), प्रत्येक रंगात एक्का ते दहा आणि वर राजा, राणी, घोडेस्वार, सेवक. उरलेले २२ मोठे: मूर्ख, जादूगार, सम्राज्ञी, फासावर उलटा टांगलेला माणूस, मृत्यू, सूर्य, वगैरे. प्रश्न मनात धरायचा, पत्ते पिसायचे, तीन काढायचे: काल, आज, उद्या. प्रत्येक पत्त्याचा ठरलेला अर्थ असतो, उलटा पडला तर वेगळा. आणि पुस्तिकेच्या पहिल्या पानावर, जवळजवळ न चुकता, लिहिलेलं असतं की हे प्राचीन इजिप्तचं गूढ ज्ञान आहे.

इथेच थांबायचं. संशोधक म्हणून तुम्ही या एका वाक्याचे तीन प्रश्न केले पाहिजेत. ही वस्तू कधीपासून आहे? तिचा हा वापर कधीपासून आहे? आणि आज जे अर्थ शिकवतात, ते कुणी आणि कधी लिहिले? तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकच असतील असं आपण न कळत धरून चालतो. टॅरोच्या बाबतीत त्या तीन उत्तरांमध्ये साडेचारशेहून जास्त वर्षं पसरलेली आहेत.

वस्तूची तारीख म्हणजे काय हे मला समजावून सांगायला सोपं जातं, कारण माझं गाव खारेपाटण. मुंबई-गोवा हायवेवर सिंधुदुर्गात शिरताना लागतं ते. विजयदुर्गच्या खाडीचं पाणी आत येतं तिथलं हे जुनं बंदर. इतिहासाच्या पुस्तकांत गावाचं नाव येतं ते एका ताम्रपटामुळे. शिलाहार राजा रट्टराज याचं हे दानपत्र, आणि त्यावरच शके ९३० असं लिहिलेलं आहे, म्हणजे इ.स. १००८. दक्षिण कोकणच्या शिलाहारांची वंशावळ त्यात आहे, मठाला दिलेली गावं आहेत, आणि परदेशाहून येणाऱ्या जहाजामागे सोन्याचा एक गद्याण द्यायचा अशीही नोंद आहे. १८४० च्या दशकात हा ताम्रपट वाचून प्रसिद्ध केला तो बाळशास्त्री जांभेकरांनी. ‘दर्पण’वाले बाळशास्त्री, आमच्या शेजारच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. पुढे कीलहॉर्न या जर्मन पंडिताने तोच ताम्रपट ‘एपिग्राफिया इंडिका’मध्ये नव्याने तपासून छापला. म्हणजे इथे तारखा तीन: पत्रा कोरला ती, पहिल्यांदा वाचून छापला ती, पुन्हा तपासला ती. कुणी म्हणालं की खारेपाटणचा ताम्रपट हजार वर्षांपूर्वीचा आहे, तर ते बरोबर. पण त्याचा जो अर्थ आपण आज वाचतो तो एकोणिसाव्या शतकात मांडला गेला आणि नंतर दुरुस्त होत गेला. यात कुणाला काही गूढ वाटत नाही. टॅरोलाही हाच हिशोब लावायचा.

पहिला प्रश्न, वस्तूचा. टॅरोचा सर्वांत जुना लेखी उल्लेख आज जो हाती आहे तो इटलीतला, सप्टेंबर १४४० चा. फ्लोरेन्स भागातला एक नोटरी आपल्या रोजनिशीत लिहितो की मालातेस्ता घराण्यातल्या एका सरदाराला त्याने विजयपटांच्या पत्त्यांचा कॅट भेट दिला. १४४२ मध्ये फेराराच्या दरबाराच्या हिशोबवहीत अशाच पत्त्यांचा खर्च पडलेला आहे. १४५० च्या आसपास मिलानच्या राजघराण्यासाठी रंगवलेले, सोन्याचा वर्ख लावलेले पत्ते तर आजही संग्रहालयांत आहेत. आता बघा, हे सगळे पुरावे कसले आहेत? भेटवस्तू, खर्चाची नोंद, राजवाड्यातली करमणूक. भविष्याचा शब्दही नाही. कारण टॅरो हा खेळ होता. चार रंगांच्या नेहमीच्या पत्त्यांत कुणीतरी पाचवा, चित्रांचा रंग घातला, जो बाकी सगळ्यांना मारतो. इटालियनमध्ये त्याला विजय या अर्थाचा ‘त्रिओन्फी’ हा शब्द, त्यावरूनच इंग्रजीतला ‘ट्रम्प’, आणि आपण मेंढीकोट खेळताना ज्याला हुकूम म्हणतो तोच हा. मृत्यू, सूर्य, सम्राज्ञी हे सगळे मुळात हुकमाचे पत्ते आहेत. मूर्खाचं काम तर फारच मजेशीर होतं: रंगाला रंग टाकायची सक्ती चुकवायची असेल तर मूर्ख टाकायचा आणि सुटायचं. फ्रान्समध्ये आणि ऑस्ट्रियात हा खेळ आजही खेळतात. तिथल्या एखाद्या आजोबांना तुम्ही म्हणालात की तुमच्या हातात इजिप्तचं गूढ ज्ञान आहे, तर ते आधी तुमची उतारी आहे का ते विचारतील.

मग चार रंगांचे ते नेहमीचे पत्ते इटलीत कुठून आले? १३७७ मध्ये फ्लोरेन्सने पत्त्यांच्या खेळावर निर्बंध घातले, तेव्हाच्या कागदात या नव्या खेळाचं नाव ‘नाइब्बे’ असं आलंय. स्पॅनिशमध्ये पत्त्यांना आजही ‘नाइपे’ म्हणतात. हा शब्द तुम्ही ओळखता. तहसील कार्यालयात ज्यांच्या सहीसाठी तासभर उभे राहता ते नायब तहसीलदार, त्यातला नायब. अरबी शब्द, अर्थ दुय्यम, प्रतिनिधी. १९३१ मध्ये इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात एल. ए. मेयर या अभ्यासकाला हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांचा एक कॅट सापडला. पत्ते ममलुकांचे, म्हणजे १२५० ते १५१७ या काळात कैरोवरून राज्य करणाऱ्या सुलतानांच्या काळातले. रंग चार: पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. प्रत्येकात एक ते दहा, वर राजा, नायब आणि दुसरा नायब. राणी नाही. युरोपात पोलो कुणाला माहीत नव्हता, म्हणून पोलोच्या काठ्यांच्या साध्या काठ्या झाल्या. राणी नंतर आली. म्हणजे पत्ते इजिप्तहून आले हे एका अर्थी खरंच आहे! फक्त फॅरोंच्या इजिप्तमधून नाही, कैरोच्या सुलतानांच्या इजिप्तमधून, आणि खेळ म्हणून. देश बरोबर, काळ तीन हजार वर्षांनी चुकलेला.

त्या ममलुक पत्त्यांपैकी तलवारीच्या राजावर ‘कंजिफा’ असा शब्द लिहिलेला आहे. हा वाचला आणि मी ताठ बसले. कारण आमच्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सावंतवाडीत, हाच शब्द अजून जिवंत आहे.

सावंतवाडीची गंजिफा तुम्ही बहुधा चितारआळीतल्या दुकानात किंवा राजवाड्यात पाहिली असेल. गोल पत्ते, चिंचोक्याची खळ आणि खडूचा लेप दिलेले, वर चित्र, वर लाखेचा थर, आणि ठेवायला रंगवलेली लाकडी पेटी. त्यातली आपल्या भागातली खास ती दशावतारी गंजिफा. दहा अवतार म्हणजे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा पत्ते, एकूण १२०. मत्स्याच्या रंगात मासे मोजायचे, कूर्माच्या रंगात कासवं, परशुरामाच्या रंगात परशू. काही चिन्हं गावागणिक बदलतात. तीन गडी, प्रत्येकाला चाळीस पत्ते. दिवसा खेळ मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हातात त्याची उतारी, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा असेल त्याची. जिथे दशावतारी नाटक रात्रभर बघायची सवय आहे तिथे हा नियम कुणाला समजावून सांगावा लागला नसेल. याआधीची मोगल गंजिफा आठ रंगांची, ९६ पत्त्यांची. तिच्यात शमशेर आहे, सोन्याचं आणि चांदीचं नाणं आहे. बाबरनाम्यात १५२७ सालच्या नोंदीत सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याचं आलंय, आणि आईन-इ-अकबरीत अबुल फजलने बारा रंगांच्या, १४४ पत्त्यांच्या खेळाचं वर्णन केलंय.

आता माझ्या विषयाकडे थोडंसं वळते, कारण इथे तो उपयोगी पडतो. दोन प्राणी एकमेकांचे नातेवाईक आहेत का हे ठरवताना आम्ही उपयोगाची लक्षणं बघत नाही. मासा आणि देवमासा दोघांचा आकार पोहायला सोयीचा, पण तो आकार दोघांनी वेगवेगळा मिळवलाय. नातं सांगतात ती बिनकामाची, विचित्र लक्षणं, जी पुन्हा नव्याने सुचण्याची शक्यता कमी. पत्त्यांत असं काही आहे का?

आहे. गंजिफात राजा आणि प्रधान सगळ्या रंगांत वरच असतात, पण त्यांच्याखालचा क्रम निम्म्या रंगांत सरळ आणि निम्म्या रंगांत उलटा असतो. पाच अवतारांत दहा सर्वांत भारी आणि एक्का सर्वांत हलका. उरलेल्या पाचांत एक्का भारी आणि दहा हलका. याने खेळणाऱ्याची डोकेदुखी वाढते, बाकी काही होत नाही. आणि टॅरोच्या जुन्या खेळात? तलवारी आणि काठ्यांत दहा भारी, पेले आणि नाण्यांत एक्का भारी. ऑस्ट्रियातल्या आजच्या खेळातही लाल रंगांत एक्का वर असतो आणि काळ्या रंगांत दहा. मिलान आणि सावंतवाडी यांच्यात हजारो किलोमीटरचं अंतर, एकीकडे पोपचा पत्ता आणि दुसरीकडे वामनाचा, आणि दोन्हीकडे तीच खोड. ती दोघांनी स्वतंत्रपणे काढली असं मानता येईलही. पण सोबत तलवारी आणि नाणी आहेत, राजा आणि त्याच्याखाली दुय्यम आहे, आणि नावाचा तो शब्द आहे. सगळं एकत्र ठेवलं की समान पूर्वज हेच कमी ओढाताणीचं स्पष्टीकरण उरतं. हे अनुमान आहे, ताम्रपटासारखा शिक्का मारलेला पुरावा नव्हे. थिसिसमध्ये लिहिताना हा फरक ‘सिद्ध होतं’ आणि ‘सूचित होतं’ या दोन क्रियापदांनी पाळायचा. व्हायवामध्ये अर्धे प्रश्न तिथेच येतात.

गंजिफाचा अभ्यास ज्यांनी नेटाने केला त्यांच्यातलं एक नाव तुम्हाला आवडेल: रूडी फॉन लायडन. हा माणूस जर्मनीत भूगर्भशास्त्रात डॉक्टरेट करून १९३३ मध्ये मुंबईला आला, इथे टाइम्समध्ये चित्रकलेवर लिहू लागला, सूझा-आरा यांच्या पिढीच्या पाठीशी उभा राहिला, आणि सोबत गावोगावच्या गंजिफा जमवत गेला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमसाठी १९८२ मध्ये त्याने केलेली सूची आजही या विषयात पहिल्यांदा उघडावी लागते. दगडांचे थर वाचायची सवय पत्त्यांना लावली, एवढंच. सायन्सवाल्यांना इतिहासात काय कळतं असं कुणी म्हणालं तर हे नाव सांगा.

दुसरा प्रश्न, वापराचा. पत्ते खेळायचे सोडून वाचायला कधी लागले? टॅरोच्या बाबतीत बोलोन्याला १७५० च्या सुमाराचा एक साधा कागद सापडलाय. त्यात पस्तीस पत्त्यांसमोर एकेक अर्थ लिहिलाय, प्रवास, प्रेम, पैसा अशा धर्तीचे. त्याला इजिप्तचा काही पत्ता नाही. इजिप्त आला तो १७८१ मध्ये. पॅरिसमध्ये अंत्वान कूर द जेब्लां नावाचे एक विद्वान ‘आदिम जग’ नावाचा अवाढव्य ग्रंथ खंडाखंडाने छापत होते. आठव्या खंडात त्यांनी जाहीर केलं की हा क्षुल्लक वाटणारा खेळ म्हणजे इजिप्शियन पुरोहितांनी लपवलेला ग्रंथ आहे. टॅरो शब्दाची फोडही दिली: ‘तार’ म्हणजे मार्ग, ‘रो’ म्हणजे राजा, म्हणून राजमार्ग. भाषा इजिप्शियन.

आता तारखा शेजारी ठेवा. शांपोलियोंने इजिप्तची चित्रलिपी उलगडली ती १८२२ मध्ये. जेब्लांच्या आधी नव्हे, ४१ वर्षांनी नंतर. १७८१ मध्ये इजिप्शियन भाषेतला मजकूर वाचू शकणारा एकही माणूस युरोपात नव्हता. म्हणजे ती फोड तपासणं कुणालाच शक्य नव्हतं, आणि माझ्या मते म्हणूनच ती टिकली. तपासता न येणारं विधान, विद्वानाच्या नावाने, जाड ग्रंथात. पुढच्या प्रत्येकाने त्याचाच दाखला दिला. लिपी वाचता आली, तार-रो कुठे सापडलं नाही, तरी वाक्य छापलं जातच राहिलं, ते तुमच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपपर्यंत. तुमच्याही विषयात असं एखादं वाक्य नक्की आहे. मूळ पेपर उघडा, मग बघा.

जेब्लांच्या मागोमाग पॅरिसमधलाच आल्येत नावाचा एक गृहस्थ आला. साध्या पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचं पुस्तक त्याने १७७० मध्येच काढलं होतं. आता टॅरोचं काढलं, आणि १७८९ मध्ये केवळ भविष्यासाठी असा खास कॅट छापला. आपलं नाव उलटं लिहून तो स्वतःला ‘एतेय्या’ म्हणवून घेई. उलट पडलेल्या पत्त्याला वेगळा अर्थ देण्याची रीत त्याच्या पुस्तकांत दिसते. उलटं करण्याची त्याला आवडच होती म्हणायची. एकोणिसाव्या शतकात एलिफास लेव्हीने २२ मोठे पत्ते हिब्रूच्या २२ अक्षरांशी जोडले. आकडा जुळला की नातं जुळवायचं, हा मोह किती जुना आहे बघा.

तिसरा प्रश्न, अर्थाचा. तुम्ही-आम्ही आज जो कॅट घेऊन शिकतो, किंवा ज्याची नक्कल घेऊन शिकतो, तो लंडनच्या रायडर या प्रकाशकाने १९०९ मध्ये काढला. योजना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. याआधीच्या बहुतेक कॅटमध्ये छोट्या पत्त्यांवर चित्र नसायचं. तलवारीचा तीन म्हणजे तीन तलवारी, संपलं. पामेलाबाईंनी छप्पन्नही पत्त्यांना माणसं, घरं, पाऊस, बर्फ दिला. तलवारीच्या तिनात ढगाळ आकाशाखाली एक हृदय आणि त्यात घुसलेल्या तीन तलवारी आहेत. हा पत्ता बघून आपल्याला दुःख ‘आपोआप’ समजतं आणि आपल्याला वाटतं की आपल्यात काही उपजत शक्ती आहे. ते काम चित्रकाराचं आहे. त्या चित्राचंही मूळ सापडतं: पंधराव्या शतकाच्या शेवटच्या ‘सोला बुस्का’ या इटालियन कॅटमध्ये जवळजवळ हीच रचना आहे, आणि १९०७ मध्ये त्या कॅटचे फोटो ब्रिटिश म्युझियममध्ये आले होते. दोन वर्षांनी लंडनमध्येच पामेला काम करत होत्या.

काम संपल्यावर एका पत्रात त्यांनी कळवलं होतं की काम फार मोठं आणि पैसे फारच थोडे. १९५१ मध्ये त्या गेल्या तेव्हा डोक्यावर देणं होतं. कॅट मात्र पुढे प्रकाशकाच्या आणि वेट यांच्या नावाने जगभर खपला. पामेलांचं नाव जोडून बोलण्याची पद्धत अलीकडची. पेपरवर नाव कुणाचं पहिलं यावरून लॅबमध्ये तोंडं फिरवलेली तुम्ही पाहिली असतील, नसतील तर पाहाल. गंजिफाची तर याहून वाईट गत: शतकानुशतकं रंगवणारे चितारी, पण जुन्या पत्त्यांच्या पेट्यांशी नाव जोडलं जातं ते संस्थानाचं किंवा संग्राहकाचं. १९७० च्या सुमारास ही कला सावंतवाडीत संपत आली होती. तेव्हा शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोंसले यांनी उरल्यासुरल्या वृद्ध कलाकाराकडून ती शिकून घेतली, राजवाड्यातच नव्या मुलांना शिकवायला सुरुवात केली, म्हणून आज पत्ते बघायला तरी मिळतात. खेळणारे मात्र गेले. ५२ पत्त्यांचा स्वस्त, छापील कॅट आला आणि गंजिफा मागे पडली. तो कॅटही त्याच ममलुक घराण्यातला, म्हणजे चुलतभावानेच घर बळकावलं.

बरं, इतिहास बाजूला ठेवला तरी पत्ते खरं सांगतात का? हा इतिहासाचा प्रश्न नाही, प्रयोगाचा आहे, आणि प्रयोग कसा मांडावा याचा नमुना आपल्याकडेच आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. दोनशे कुंडल्या, शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यातल्या चाळीस दिल्या, कुठली कुणाची ते ओळखायचं. २७ ज्योतिष्यांची उत्तरं आली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर पन्नास. त्यांचा पेपर ‘करंट सायन्स’मध्ये आहे, छोटा आहे, वाचून काढा. टॅरोसाठी असा प्रयोग मांडायचा झाला तर अडचण कुठे येईल? टॅरोवाचक ‘ओळखतो’ असा दावाच करत नाही, तो ‘मार्गदर्शन’ करतो. कुठलं उत्तर आलं तर दावा चुकला म्हणायचं, हे आधी ठरवता येत नाही. हायपोथेसिस लिहायला बसाल तेव्हा हाच खड्डा चुकवायचा असतो.

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात घोळते. कोकणात देवाला प्रश्न विचारायची रीत पत्त्यांशिवाय होतीच. देवळात पाषाणावर तांदूळ किंवा फुलांच्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि उजवा पडतो की डावा ते बघायचं. कौल लावणं म्हणतात त्याला. प्रश्न हो-नाहीचा, विचारायचा चारचौघांसमोर, आणि लावणारा गुरव. विष्णूचे दहाही अवतार हातात असलेले पत्ते त्याच जिल्ह्यात होते, तरी गंजिफाची ओळख खेळ म्हणूनच राहिली. कौलाची सोय असल्यामुळे पत्त्यांना ते काम करावं लागलं नाही, असं मला वाटतं. हा माझा अंदाज, दाखला देऊ नका. कुणाला लोकसाहित्यात किंवा मानववंशशास्त्रात विषय हवा असेल तर मात्र इथे खणायला जागा आहे. देवळांतले मानकरी, चितारी कुटुंबं, जुन्या पेट्या, सगळं एका जिल्ह्यात आहे आणि बोलणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत. लांबणीवर टाकण्यासारखं काम नाही.

आता ज्यांना टॅरो शिकायचीच आहे त्यांच्यासाठी. पुस्तिका बाजूला ठेवा आणि कॅटमधून आठ नंबरचा मोठा पत्ता काढा. त्यावर सिंहाला आवरणारी बाई असेल तर तुमचा कॅट वेट यांच्या वळणाचा. तराजू असेल तर जुन्या फ्रेंच वळणाचा, कारण वेट यांच्या कॅटने आठ आणि अकरा यांची अदलाबदल केलेली आहे. मग नाण्यांचा रंग बघा. नाण्यावर पाच कोनांची चांदणी असेल तर ती गूढवाद्यांची भर. साधं फूल किंवा वर्तुळ असेल तर तुम्ही कैरोच्या जास्त जवळ आहात. तलवारीचा तीन बघा: हृदय आहे की नुसत्या तलवारी? एवढ्या तीन पत्त्यांवरून कॅटचं वंशवृक्षावरचं ठिकाण बऱ्यापैकी सांगता येतं.

नंतर चार जण जमवा आणि एकदा तोच कॅट खेळा. फ्रेंच पद्धतीचे नियम नेटवर सहज मिळतात. चौथा गडी मिळाला नाही तर तिघांतही जमतं, आणि मूर्ख ज्याच्याकडे येईल त्याने तो शेवटच्या हातापर्यंत धरून ठेवायचा नाही, नाहीतर तो जातो.